कोसाकोसावर मुक्काम

चार दिवसांसाठी कॅराव्हॅन भाड्याने घेतोय म्हटल्यावर मुंबईहून नणंदेचा लगेच फोन आला. "वहिनी, कॅराव्हॅन घ्यायची तर कोकणात या. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर. दिल्लीत काय बघणार गाडीतून?" तिचं म्हणणं रास्त होतं. पण बावीस वर्षं दिल्लीत काढल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली आहे. चाकांवर घर घेऊन हिंडण्यासाठी हिंदुस्थानात या शहराइतकं योग्य शहर दुसरं नाही, कारण हे शहरच मुळात मुक्कामासाठी वसलेलं आहे. इथला किनारा यमुनेचा, आणि या किनाऱ्यावर गलबतांऐवजी काफिले लागत.

नकाशा उघडून दिल्लीची नावं वाचा. युसुफ सराय, कालू सराय, बेर सराय, जिया सराय, कटवारिया सराय, लाडो सराय, नेब सराय, शेख सराय, सराय काले खाँ, सराय रोहिल्ला. सराय म्हणजे चौसोपी धर्मशाळा. मध्ये मोठं अंगण, चारी बाजूंनी ओळीने खोल्या, बहुधा एक विहीर नि एक मशीद, आणि रात्री बंद होणारा भक्कम दरवाजा. आपल्या वाड्यात परका माणूस राहू लागला तर जे होईल, ते. इमारती बहुतेक गेल्या, नावं राहिली, आणि मला सगळ्यात नवल वाटतं ते हे की काम बदललं नाही. सराय रोहिल्ला आज रेल्वे स्टेशन आहे. सराय काले खाँला आंतरराज्य बस अड्डा आहे, शेजारी निजामुद्दीन स्टेशन, आणि आता मेरठकडे जाणाऱ्या नमो भारत गाडीचंही स्थानक. जिया सराय आणि बेर सरायमध्ये परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं दहा बाय दहाच्या खोल्यांत राहतात. त्यांत सोलापूर-नांदेडची मुलंही मला भेटली आहेत. दोन वर्षांसाठी आलेला पोरगा आणि दोन रात्रींसाठी आलेला काबूलचा सुकामेवावाला यांत मला तरी फरक दिसत नाही.

कॅराव्हॅनची माहिती द्यायलाच हवी, म्हणून थोडक्यात. महाराष्ट्राने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी. आमच्या गाडीत चार बर्थ, छोटा ओटा, सिंक, फ्रिज, खुराड्याएवढं न्हाणीघर, छतावर पाण्याची टाकी. मुक्कामाला विजेची जोडणी मिळाली तर सुख, नाही तर इन्व्हर्टर. पाणी जपून वापरायचं. आम्ही पाच जण: मी, नवरा, नववीतली लेक, चौथीतला मुलगा आणि ऐंशीकडे झुकलेल्या सासूबाई. शिवाय चालक, तो पुढे सीटवर झोपे. महिना फेब्रुवारी, धुकं सरलेलं आणि ऊन अजून कोवळं.

पहिला थांबा प्राणिसंग्रहालय. मुलांना वाघ बघायचा होता, मला कोसमिनार. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात, पुराना किल्ल्याच्या कुशीत, एक कोसमिनार उभा आहे आणि हजारो माणसं त्याच्याकडे न बघता पुढे जातात. खाली अष्टकोनी बैठक, वर निमुळता होत गेलेला गोल खांब, विटांचा, चुन्याचा गिलावा केलेला, साधारण तीस फूट उंच. आत जिना नाही, खोली नाही, भरीव. त्यावर मजकूरही नसे. उंचच उंच उभं राहून "अजून एक कोस झाला" एवढंच तो सांगे. अकबराने आग्रा ते अजमेर रस्त्यावर असे खांब उभारायला सांगितले, आणि जहांगीरने 1619 साली आग्रा ते लाहोर दर कोसाला एक मिनार आणि दर तीन कोसांना एक विहीर बांधण्याचा हुकूम दिला. कोस म्हणजे तीन किलोमीटरहून थोडं जास्त. तहान लागायच्या आत विहीर आली पाहिजे, हा हिशेब ज्या माणसाने केला त्याने रस्ता पायाने मोजला असणार. मुलाने मिनाराला हात लावून बघितला. ऊन पडलेल्या बाजूची वीट कोमट होती, सावलीतली गार.

तिथून हुमायूनच्या मकबऱ्यापाशी अरब सराय. तिचा कमानदार दरवाजा आजही मान वर करून बघावा असा आहे. पण माझं मन रमतं ते आता नसलेल्या सरायीत. शाहजहानची लेक जहाँआरा हिने चांदनी चौकात एक भव्य सराय बांधली होती. फ्रेंच वैद्य बर्नियर ती पाहून इतका भारावला की अशा इमारती पॅरिसमध्ये हव्या होत्या, असं त्याने लिहून ठेवलं. 1857 नंतर इंग्रजांनी ती पाडली आणि त्या जागी टाउन हॉल उभा केला. आम्ही गाडी लांब ठेवून सायकलरिक्षाने तिथे गेलो. टाउन हॉलसमोर कबुतरांना दाणे टाकणारे लोक होते, आणि मी लेकीला कुठे अंगण असेल, कुठे खोल्या असतील ते दाखवत राहिले. ही सराय पाडली याचं मला लाल किल्ल्यातल्या मोडतोडीइतकंच वाईट वाटतं. किल्ला बादशहाचा होता. सराय वाटसरूची होती.

सरायीतल्या रात्रीचं सगळ्यात जिवंत वर्णन व्हेनिसहून आलेल्या मनुचीने केलं आहे. सकाळी दरवाजा उघडण्याआधी पहारेकरी तीनदा मोठ्याने ओरडून सांगे: आपापलं सामान बघा. कुणाचं काही हरवलं असेल तर ते सापडेपर्यंत दरवाजा उघडत नसत. ही गोष्ट मी पहिल्या रात्री गाडीत सांगितली आणि मुलाने पहारेकऱ्याचं काम स्वतःकडे घेतलं.

दुसऱ्या दिवशी उत्तरेला निघालो. बुराडीच्या अलीकडे वसाहतीतल्या एका रस्त्यावर लोखंडी आडवी कमान आली, उंच गाड्या आत येऊ नयेत म्हणून लावलेली. टाकी अडकणार हे चालकाच्या वेळेवर लक्षात आलं, पण गाडी उलट घ्यायला पाऊण तास गेला. दोन रिक्षावाले, एक भाजीवाला आणि शाळेतून येणारी पोरं मागे उभी राहून हातवारे करत होती. यमुनेचा काठ गाठेपर्यंत दुपार झाली. याच बुराडी घाटाच्या परिसरात 10 जानेवारी 1760 रोजी मराठा सरदार दत्ताजी शिंदे लढताना पडले. नदी आता बरीच सरकली आहे. काठावर मुळ्याची शेती होती. सासूबाईंनी गाडीच्या पायरीवर बसून हात जोडले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मुरथळच्या ढाब्यांवर पांढऱ्या लोण्याचा गोळा ठेवलेले पराठे खाऊन आम्ही पुढे सरकलो. या रस्त्यावर हरियाणा पर्यटन खात्याने पक्ष्यांच्या नावांची विश्रामस्थळं बांधली आहेत: समालख्याचं ब्लू जे, पानिपतचं स्कायलार्क, तिकडे फरिदाबादला मॅगपाय, होडलला डॅबचिक. झाडं, हिरवळ, चहा आणि स्वच्छ न्हाणीघर. माझ्या मते ही सरायीचीच थेट वंशावळ आहे. कॅराव्हॅनसाठी सरकार नव्या जागा शोधत बसण्यापेक्षा इथेच विजेचे चार प्लग आणि पाण्याचा एक नळ वाढवून द्यावा.

आणि मग पानिपत. शहरापासून आठेक किलोमीटरवर काला आम, तिसऱ्या लढाईचं स्मारक. लढाईबद्दल आपल्याकडे इतकं लिहिलं गेलं आहे की मी ते पुन्हा सांगणार नाही. मला बोलायचं आहे ते त्या काफिल्याबद्दल. भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर हजारो बायका, मुलं, म्हातारीकोतारी होती. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई होत्या, विश्वासरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या, आणि नाव न राहिलेली असंख्य घरं होती. मथुरा, कुरुक्षेत्र अशी तीर्थं एरवी एकट्यादुकट्याला झेपणारी नव्हती. फौजेच्या सोबतीने ती घडतील, म्हणून लोक निघाले. 17 ऑक्टोबर 1760 ला कुंजपुरा घेतल्यावर कुरुक्षेत्र दोन-तीन मजलांवर आलं होतं. तेवढ्यात अब्दालीने बागपतला यमुना ओलांडली आणि सगळा तळ पानिपतला अडकला, 14 जानेवारीपर्यंत, अडीच महिने. या माणसांना बाजारबुणगे म्हणून एका शब्दात झाडून टाकायची आपली सवय मला अजिबात पटत नाही. दिवेलागणीला मी गाडीत कुकर लावला. पाच माणसांचं पाणी पुरवताना माझी तारांबळ होत होती, तेव्हा त्या थंडीत, लाकूडफाटा संपलेल्या छावणीत चूल पेटवणारी बाई मला पहिल्यांदा खरी दिसली. चाळीस वर्षं पानिपतवरची पुस्तकं वाचून ती दिसली नव्हती.

पानिपत ते कर्नाल या पट्ट्यात कोसमिनार शोधणं हा माझा सर्वांत आवडता उद्योग. हरियाणात ते पन्नासच्या आसपास उरले आहेत. एखादा गव्हाच्या शेतात गुडघाभर हिरव्यात उभा, एखादा घरांच्या दाटीत वाळत घातलेल्या गोधड्यांमागे. लेक वहीत खुणा करी, मुलगा कोस मोजे. मधोमध घरौंडा लागतं. तिथे शाहजहानच्या काळातल्या सरायीचे दोन दरवाजे उरले आहेत, बारीक विटांचे, कमानींवर कमानी रचलेले. मधलं अंगण गेलं, खोल्या गेल्या. दरवाजांमधून शिरावं तर पलीकडे उघडं आभाळ.

तिथे उसाचा रस विकणारा सासूबाईंना म्हणाला, "ताई, बैठ जा." त्या सुखावल्या. या वयात ताई! मग त्याने पेला पुढे करत समजावलं की त्यांच्याकडे ताऊची बायको ती ताई, म्हणजे आपली चुलती. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. आमच्या मागे तेव्हा मुलाच्या हिशेबाने पस्तीस कोस झाले होते. रसवाला पुढे बोलत बोलत आपल्या मित्राबद्दल सांगू लागला. तो रोड समाजाचा. या समाजातले बरेच लोक स्वतःला पानिपतनंतर इथेच राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात आणि 14 जानेवारीला काला आमला जमतात. सासूबाईंनी रसाचे पैसे दिले, वर पिशवीतले बेसनाचे दोन लाडू दिले. "एक तुला, एक त्याला," त्या मराठीतच म्हणाल्या, आणि त्याला ते समजलं.

शेवटची रात्र कर्नालला. पहाटे निघायचं होतं. चालकाने इंजिन सुरू केलं तसा मुलगा पायरीवर उभा राहून ओरडला, "आपापलं सामान बघा!" एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ओरडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, माझा चष्मा नाही." इंजिन बंद झालं. मुलाने दार आतून लावलं आणि पाठ टेकून उभा राहिला. आम्ही बर्थ उचलले, गाद्या झटकल्या, ओट्याखालचे डबे काढले. वीस मिनिटांनी चष्मा लेकीच्या वहीत सापडला, काल रात्री आजीने कोसमिनारांची यादी वाचली होती त्या पानावर. मग दार उघडलं.