सोसायटीचा नंबर राहिला

पान ब्राउझरमध्ये छान उघडतं, पण टेस्ट म्हणते तिथे जायला रस्ताच नाही. शेजारच्या मुलीकडून हे ऐकलं आणि कुतूहल वाटून विरार पश्चिमेच्या तिच्या घरी जाऊन बसलो. तिचं ऑफिस अंधेरीला, त्या दिवशी लोकलची दगदग नव्हती, घरूनच काम होतं.

"काका, 23 टेस्ट फेल आहेत," ती म्हणाली.

तिचं काम म्हणजे रुबी ऑन रेल्समधलं, हाउसिंग सोसायट्यांच्या तक्रारी नोंदवणारं ॲप. तक्रारींचे राउट, म्हणजे पत्त्यांच्या वाटा, आदल्याच दिवशी सोसायटीच्या पोटात घेतले होते. ब्राउझर आख्खा पत्ता घेऊन येतो, त्यावरून रेल्स कंट्रोलर शोधतं. जुन्या धाटणीच्या कंट्रोलर टेस्टमध्ये उलटं असतं: टेस्ट ॲक्शनचं नाव आणि आयडी देते, पत्ता रेल्सला बनवावा लागतो. तो बनला नाही की 'नो राउट मॅचेस'.

लाल ओळ लांबलचक होती. तिने बोट ओळीच्या शेवटाकडे नेलं. तिथे लिहिलं होतं, 'मिसिंग रिक्वायर्ड कीज', आणि पुढे सोसायटी आयडी. फ्लॅट नंबर 7 सांगायचा आणि सोसायटी कुठली ते सांगायचंच नाही, तसं झालं होतं. रेल्सने नेमकं काय राहिलं तेही सांगितलं होतं.

टीममधल्या कोणीतरी सुचवलं, जुना राउट परत टाक, 23च्या 23 हिरव्या होतील. तिने साफ नकार दिला. टेस्टच्या सोयीसाठी चालू ॲपमध्ये नको असलेली वाट उघडी ठेवायची नाही, हा तिचा हट्ट. मला तो शंभर टक्के पटला.

मग राउट्सची यादी काढून तिने एकेका टेस्टमध्ये सोसायटी आयडी भरला. तरी दोन लालच. त्यांत आयडी दिलेला होता, पण रिकामा जात होता. ती बराच वेळ गप्प होती. मग दिसलं: टेस्टमधली सोसायटी 'बिल्ड' केलेली, म्हणजे डेटाबेसमध्ये साठवलेलीच नाही, आयडी येणार कुठून? 'बिल्ड'च्या जागी 'क्रिएट' केलं, आणि 23 हिरव्या झाल्या.

2016 च्या रेल्स 5 पासून नव्या कंट्रोलरसोबत तयार होणाऱ्या टेस्ट थेट पत्ता देतात. पण जुन्या पद्धतीच्या टेस्ट अजून चालू आहेत. तुमच्याकडे त्या असतील, तर राउट्सच्या फाइलला हात लावण्याआधी ती लाल ओळ शेवटपर्यंत वाचा.