थकलेला पगार आणि वाढीव पगार यात फरक आहे. अर्ज कुठं चालतो, कुठं अडतो?

सातारा/सांगली : पगार थकला की कामगार आधी कामगार आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज टाकतो. बरोबरच आहे. पण पगाराचा प्रत्येक वाद तिथला अधिकारी निकाली काढू शकत नाही. हे माहीत नसतं, मग अर्ज फेटाळला की "साहेब मॅनेज झाला" म्हणून माणूस घरी बसतो आणि खरा हक्कही सोडून देतो.

समजा, कुपवाड एमआयडीसीत तुम्ही महिना ठरवून कामाला आहात आणि दोन महिने पगार आला नाही. किंवा किमान वेतनापेक्षा कमी दिलं, न विचारता पैसे कापले. हा दावा चालतो. हक्क आधीच ठरलेला आहे, अधिकाऱ्यानं फक्त हिशेब करायचा.

आता दुसरं. गावातला रोजंदारीवरचा पाणीवाला म्हणतो, "कायम कर्मचाऱ्याइतकंच काम करतो, त्याच्याइतका पगार द्या." मागणी रास्त असेलही. पण तो हक्क अजून कुणी ठरवलेला नाही, आणि तो ठरवणं या अधिकाऱ्याच्या हातात नाही.

हे आजचं नाही. जी.आय.पी. रेल्वेच्या मुंबईतल्या एका रोजंदारी कामगारानं, आपल्याला मासिक पगारावर धरायला हवं होतं म्हणून फरक मागितला. 1955 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कराराप्रमाणं ठरलेला पगार मिळाला का हे वेतन प्राधिकाऱ्यानं बघावं. वरच्या श्रेणीत घ्यायला हवं होतं का, हे त्याच्या कक्षेत येत नाही. एका न्यायमूर्तींचं मत वेगळं होतं, पण निकाल बहुमताचा लागला. पुढं 1990च्या दशकात दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी कामगारांनी समान कामाला समान वेतन मागितलं, तेव्हा वसुलीच्या अर्जात कामगार न्यायालयालाही हा हक्क नव्यानं ठरवता येणार नाही, असाच निर्णय झाला. गरिबाला हेलपाटे वाढवणारा नियम आहे, यात शंका नाही.

पण मालकानं नुसतं "माझं काही देणं नाही" म्हटलं म्हणून अधिकाऱ्यानं हात वर करायचे नसतात. हिशेबासाठी लागेल तेवढी चौकशी करता येते, हे 1963 पासून ठरलेलं आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली. पूर्वी कापलेल्या किंवा थकलेल्या पगारासाठी 12 महिन्यांत आणि किमान वेतनासाठी सहा महिन्यांत अर्ज करावा लागायचा, आता तीन वर्षं मिळतात. पैसे दिले हे मालकानंच सिद्ध करायचं. ठेकेदार पळाला तर ज्याच्याकडं काम चाललं ती कंपनी जबाबदार. (ऊसतोडीची उचल आणि मुकादमाचा हिशेब हा वेगळाच गुंता, त्यावर पुन्हा कधीतरी.)

म्हणून एकाच अर्जात सगळं कोंबू नका. थकबाकीचा अर्ज वेगळा करा, त्यात महिना, दिवस, ठरलेला दर आणि मिळालेली रक्कम लिहा. सोबत पासबुक, गेटपास, हजेरी कार्डाचा फोटो, सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज जोडा. कायम करण्याची किंवा वाढीव श्रेणीची मागणी औद्योगिक वाद म्हणून न्यायाधिकरणापुढं न्यावी लागते. ती युनियनमार्फत नेलेली बरी. अर्ज दिला की पोच घ्या, तारखेचा शिक्का बघूनच ऑफिसातनं बाहेर पडा.