व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरसाठी पत्रा कोणता?

घरी व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर बांधणारा हौशी माणूस सर्किट आणि ट्रान्सफॉर्मर निवडताना रात्री जागवतो, पण चेसिस मात्र हाताला लागेल त्या पत्र्याची करतो. वास्तविक चेसिस वजन पेलते, अर्थिंग देते, उष्णता पसरवते आणि स्पीकरमधून गुणगुण येणार की नाही हेही बरेचसे ठरवते. या चारही कसोट्या लावल्या, तर सोलापुरातल्या हौशी माणसाने २ ते ३ मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्राच घ्यावा, असे माझे मत आहे.

लोखंडी पत्र्याचा मोह पडणे साहजिक आहे. यंत्रमागांच्या या शहरात पत्रा कापून, वाकवून, वेल्डिंग करून देणारे फॅब्रिकेटर सहज सापडतात, आणि लोखंड स्वस्तही पडते. शिवाय जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंच्या चेसिस बहुतेक लोखंडी पत्र्याच्याच असत, मग तेव्हाच्या इंजिनिअरांना कळत नव्हते का, असे कुणी विचारेल. त्यांना चांगले कळत होते; पण त्यांचे गणित कारखान्याचे होते. एकदा डाय तयार झाला की प्रेसवर हजारो एकसारख्या चेसिस निघत आणि मुलामा दिला की गंजाची काळजीही मिटे. घरी एकच नग करायचा असतो, तोही ड्रिल, होल सॉ आणि कानस घेऊन. नऊ पिनांच्या सॉकेटला साधारण २० मिलिमीटरचे, तर ऑक्टल सॉकेटला त्याहून बरेच मोठे भोक लागते. अ‍ॅल्युमिनियममध्ये ते घरच्या हत्यारांनी सफाईने पडते.

खरा मुद्दा चुंबकत्वाचा आहे. २३० व्होल्टच्या मेन ट्रान्सफॉर्मरमधून ५० हर्ट्झचे थोडे चुंबकीय क्षेत्र नेहमीच बाहेर गळते. ट्रान्सफॉर्मर लोखंडी पत्र्यावर बसवला की ते क्षेत्र पत्र्यातूनच वाट काढत आउटपुट ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोहोचते आणि गुणगुण सुरू होते. अ‍ॅल्युमिनियम चुंबकीय नसल्यामुळे ही वाट मिळत नाही. लोखंड क्षेत्र अडवते, असाही युक्तिवाद होतो. पूर्ण वेढणाऱ्या जाड डब्याबाबत तो काही अंशी खरा आहे, पण दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकाच पत्र्यावर बसतात तेव्हा तो लागू पडत नाही. मात्र अ‍ॅल्युमिनियम घेतले तरी दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकमेकांपासून दूर आणि काटकोनात बसवायलाच हवेत.

अ‍ॅल्युमिनियम वाकेल, ही शंका रास्त आहे, कारण त्याचा ताठरपणा लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश असतो. पण पत्र्याचा ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणून १.२ मिलिमीटरच्या लोखंडी पत्र्याइतका ताठ होण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमला सुमारे १.७ मिलिमीटर जाडी पुरते, आणि तरीही वजन जवळपास निम्मेच भरते. मग २ मिलिमीटरचा पत्रा घेऊन कडा खाली वाकवल्या आणि जड ट्रान्सफॉर्मरखाली आडवी पट्टी दिली की भागते. पत्रा वाकवायचा असेल तर ५०५२ दर्जाचा मागावा. ६०६१ टी-६ कडक असल्याने घडीवर तडकू शकतो.

उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरात उष्णतेचा विचारही टाळता येत नाही. ईएल८४ व्हॉल्व्ह पूर्ण भाराला प्लेटवर १२ वॅट आणि फिलामेंटला सुमारे ५ वॅट खातो. असे चार व्हॉल्व्ह म्हणजे जवळजवळ ६८ वॅट. यातली बरीच उष्णता काचेतून हवेत जाते, पण सॉकेट, रोधक आणि ट्रान्सफॉर्मर चेसिसला तापवतात. अ‍ॅल्युमिनियम ती उष्णता लोखंडापेक्षा बऱ्याच जास्त वेगाने पसरवते. मात्र सॉकेटभोवती हवेची भोके हवीतच, आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर व्हॉल्व्हपासून लांब, १०५ अंशांच्या दर्जाचे असावेत.

अ‍ॅल्युमिनियमची एक उणीव मान्य करायला हवी: त्याला साधे सोल्डर धरत नाही, आणि त्यावरचा ऑक्साइडचा थर जोड कच्चा ठेवतो. त्यावर उपाय सोपा आहे. पृष्ठभाग खरवडून दातेरी वॉशरसह स्वतंत्र बोल्टवर अर्थिंगचा टॅग घट्ट बसवावा. ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टवर तो कधीही अडकवू नये. आत ३०० व्होल्टहून जास्त दाब खेळत असतो. तार सुटून चेसिसला लागली, तर फ्यूज उडण्यासाठी हाच जोड भरवशाचा असावा लागतो. लाकडी पेटी शोभेला चालेल, पण धातूची अर्थ केलेली चेसिस तिच्या आत हवीच. लोखंडात वाचणारे थोडे पैसे पुढे गुणगुण शोधण्यात जातात. त्यापेक्षा ते सुरुवातीलाच चांगल्या पत्र्यावर खर्च करणे शहाणपणाचे.