परसातलं बाळंतपण

लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाऊन आलेली एखादी तरी आई-सासू आता आपल्या प्रत्येक आळीत भेटते. डिंक, आळीव, सुंठ यांच्या पुड्या बांधून ती जाते, आणि परत येते तेव्हा नातवंडाच्या कौतुकाबरोबर आणखी एक गोष्ट हमखास सांगते, "अहो, तिथे घरामागच्या गवतात ससे येतात, अगदी आपल्याकडे चिमण्या याव्यात तसे!" न्यू जर्सीसारख्या राज्यात आपली मराठी कुटुंबं बरीच आहेत, आणि तिथे हे दृश्य खरोखरच रोजचं आहे. पण त्याच परसात सशाची पिलं निपजली आणि घरात पाळलेली कुत्री असली, म्हणजे मोठा पेच पडतो. दोन्ही जीव आपलेच वाटतात. मग करायचं काय?

उत्तर सोपं आहे, पण पाळायला कठीण! थोडं करायचं, आणि बाकीचं करायचं नाही.

हा ससा कोणता?

आपल्या मराठीत सगळ्यांना मिळून एकच शब्द, ससा. पण बाजारात पिंजऱ्यात मिळतो तो पांढरा, लाल डोळ्यांचा ससा वेगळा. त्याचे पूर्वज युरोपातले, जमिनीत बिळं खणून राहणारे. आपल्या माळरानातला लांब कानांचा, मानेवर काळा पट्टा असलेला ससा वेगळा. आणि अमेरिकेच्या पूर्व भागात परसात येतो तो तिसराच. अंगाने तपकिरी, वजनाला साधारण किलो-सव्वा किलो, आणि शेपटी म्हणाल तर कापसाच्या फुटलेल्या बोंडासारखी पांढरी. म्हणून त्याला म्हणतात कॉटनटेल.

हा ससा स्वतः बीळ खणत नाही. सशीण गवतात जेमतेम चार-पाच इंच खोल खळगा करते, त्यात वाळकं गवत अंथरते, आणि वर स्वतःच्या छाती-पोटाची लव उपटून तिची मऊ दुलई करते. पिलं झाली की त्याच गवता-लवेचं झाकण वरून ओढून घेते. झाली बाळंतिणीची खोली तयार! दोन पावलांवरून पाहिलं तरी वाटतं, गवताचा एक वाळका ठिपका आहे, एवढंच.

दिवस जातात ते सुमारे २८. एका वेळी चार-पाच पिलं होतात. जन्मतात तेव्हा डोळे मिटलेले, अंगावर लव नसल्यासारखी, वजन तीसेक ग्रॅम, म्हणजे आपल्या दोन चमचे साखरेहून फार जास्त नाही. वसंतापासून उन्हाळा संपेपर्यंत एकाच सशिणीची अशी तीन-चार बाळंतपणं होतात. पहिली पिलं दूध पीत असतात तेव्हाच तिला पुढचे दिवस गेलेले असतात. ऐकूनच आपल्याला धाप लागते, नाही का?

एवढी पिलं होतात, कारण फार थोडी जगतात. शिकारी पक्षी, कावळे, कोल्हे, साप, मांजरं, कुत्री, सगळ्यांचा डोळा त्यांच्यावर. 'ससेहोलपट' हा आपला शब्द काही उगाच नाही झालेला.

आई गेली कुठे?

माझा मुक्काम लेकीकडे होता तेव्हाची गोष्ट. एप्रिल संपत आला होता. तिच्याकडे दोन कुत्री, एक म्हातारी, सुस्त लॅब्रॅडोर आणि एक तरणाबांड बीगल. बीगल ही जातच मुळी इंग्लंडात सशांच्या शिकारीसाठी वाढवलेली. जावई यंत्राने गवत कापत होते. यंत्राने एका जागचं वाळकं झाकण उडालं आणि खाली पाच पिलं उघडी पडली. ते आम्हांला हाक मारायला आत आले तेवढ्या दोन मिनिटांत कुंपणावरचा कावळा खाली उतरला नि एक उचलून घेऊन गेला. राहिली चार.

बुटांचं रिकामं खोकं, कापूस, दूध, सगळी तयारी झाली. तेवढ्यात शेजारच्या आजीबाई कुंपणाशी आल्या आणि म्हणाल्या, "आत नेऊ नका. त्यांची आई आहे."

"पण ती आहे कुठे?" लेक म्हणाली. "दिवसभर कुणी फिरकलं नाही. तान्ही पिलं टाकून अशी कशी जाते ही?"

मैत्रिणींनो, इथेच आपण सगळ्याजणी फसतो. आई म्हणजे बाळाला पोटाशी धरून बसलेली, हे चित्र आपल्या मनात पक्कं. पण सशिणीचा न्याय उलटा आहे. एवढ्याशा जिवांना वास फार थोडा येतो. तिच्या मोठ्या अंगाला मात्र येतो, आणि तिच्या हालचालीवर शत्रूचा डोळाही असतो. ती जवळ बसली तर कोल्ह्या-कुत्र्याला पत्ता सांगितल्यासारखंच. म्हणून ती दूर राहते. संधिप्रकाशात, पहाटे आणि दिवस मावळल्यावर, ती येते, काही मिनिटं पाजते, झाकण सारखं करते आणि निघून जाते. तिचं दूध गाईच्या दुधाहून कितीतरी दाट, स्निग्धांशही पुष्कळ जास्त. म्हणून त्या चार मिनिटांच्या पाजण्यावर पिलांचा दिवस निघतो.

आजीबाईंनी उडालेली लव आणि गवत गोळा करून खळग्यावर पुन्हा पसरायला सांगितलं, आणि त्यावर पांढऱ्या लोकरीचे चार तुकडे फुली-गोळ्याच्या खेळासारखे आडवे-उभे ठेवले. "उद्या सकाळी पाहा," म्हणाल्या. लोकरीच्या जागी बारीक काड्या चालतात, नाहीतर भोवती चिमूटभर कणीक भुरभुरावी. आई येऊन गेली असेल तर खूण मोडलेली दिसते.

त्या संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरातला दिवा मालवून खिडकीशी बसलो. आठच्या सुमाराला झुडपाखालून सशीण निघाली. चार पावलं पुढे, मग थांबली. पुन्हा दोन पावलं. सरळ खळग्याकडे आली नाही. इकडे-तिकडे चरल्यासारखं करीत आली. मग खळग्यावर नुसती बसली. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, फक्त तिच्या पोटाखालचं गवत हलत होतं. जरा वेळाने तिने पुढच्या पायांनी झाकण नीट केलं आणि गेली. सकाळी लोकरीचे तुकडे विस्कटलेले होते.

लेकीची रजा संपत आली होती. बाळाला पाळणाघरात ठेवून कामावर जायचं, म्हणून आठवडाभर ती गप्प गप्पच होती. ते विस्कटलेले तुकडे पाहून ती एवढंच म्हणाली, "येऊन गेली की गं." मीही जास्त काही बोलले नाही.

घरात कुत्री असतील तर

खळगा सापडला की पहिला विचार येतो तो तिथून हलवण्याचा. तो मुळीच करू नये. दहा-बारा फूट बाजूला ठेवलं तरी सशीण पिलं शोधत नाही, ती जुन्याच जागी येते. तेव्हा पिलं आहेत तिथेच राहू द्यायची आणि बदल करायचा तो कुत्र्यांच्या रोजच्या क्रमात. प्रश्न असतो फक्त दोन-तीन आठवड्यांचा.

आम्ही केलं ते असं. बीगलला परसात मोकळं सोडणं बंद. फिरायला न्यायचं ते पुढच्या दाराने, आणि परसात न्यायची वेळ आलीच तर गळ्यात पट्टा व दोरी हातात. कुत्री बाहेर असतील तेवढा वेळ खळग्यावर कपडे धुवायला टाकायची जाळीची प्लॅस्टिकची टोपली उपडी घालायची आणि वर वीट ठेवायची. कुत्री आत गेली की टोपली काढायची. हे विसरून चालत नाही, कारण दिवस मावळताना टोपली तशीच राहिली तर आईला पाजता येत नाही. पहाटे व तिन्हीसांजेला कुत्री घरातच. एवढं केलं की पुरे.

"पण आपला कुत्रा गरीब आहे हो," असं पुष्कळजणी म्हणतात. कुत्रा गरीब असेलही. पण त्याच्या नाकाला ते ठाऊक नसतं! त्याला रागवण्यातही अर्थ नाही, तो त्याचा स्वभाव आहे. आवर घालायचा तो आपण. शिवाय रानटी सशाला तोंड लावण्यात कुत्र्यालाही धोका आहे. त्यांच्यापासून रोग आणि जंत येऊ शकतात.

आठवड्याभरात पिलांचे डोळे उघडले. मग कान उभे राहिले. पंधराव्या दिवसाच्या आसपास एक पिलू झाकणाबाहेर बसलेलं दिसलं, टेनिसच्या चेंडूएवढं! पुष्कळांना वाटतं की एवढंसं पिलू एकटं दिसलं म्हणजे ते आईपासून चुकलं. तसं नाही. डोळे उघडे, कान उभे आणि स्वतः उड्या मारतं, तर ते जायला तयार झालेलं असतं. त्याला धरू नये.

आणि खरी परीक्षा याच दिवसांत असते. दोरी हातात धरून मी बीगलला घेऊन उभी होते. तो एकदम ताठ झाला. नाक थरथरायला लागलं. त्याच्यापासून हातभर अंतरावर, कुंपणाच्या फळीला लागून, पिलू बसलं होतं. पळालं नाही, हललं नाही, डोळासुद्धा मिटला नाही. सशाच्या पिलाजवळ एवढं एकच शस्त्र, निश्चल बसणं. दोरी माझ्या मनगटाला दोन वेढे घालून होती म्हणून बरं. मी त्याला ओढत आत नेलं. खिडकीतून पाहिलं तर फळीजवळ काही नव्हतं.

दोन दिवसांनी खळगा रिकामा झाला. चारांतली किती जगली ते सांगता येणार नाही. पण आमच्या परसातून ती स्वतःच्या पायांनी गेली.

आत आणलं तर?

अशी पिलं घरात वाढवण्याचा प्रयत्न पुष्कळ दयाळू माणसं करतात, आणि बहुतेक पिलं काही दिवसांत मरतात. गाईचं दूध त्यांना सोसत नाही. पाजताना ते श्वासनलिकेत जातं. माणसाच्या हाताळण्याची धास्तीसुद्धा त्यांना पुरते. शिवाय अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत परवान्याशिवाय रानटी प्राणी घरात ठेवणं कायद्याने गुन्हा आहे. अशा पिलांचं शिक्षण घेतलेली, परवाना असलेली माणसं तिथे असतात, त्यांना फोन करावा. पण कधी? लोकरीची खूण सकाळी जशीच्या तशी राहिली आणि पिलं थंडगार, सुरकुतलेली दिसली. आई मेलेली आढळली. किंवा कुत्र्या-मांजराचा दात लागला, तर. दात लागल्याची जखम केवढीशीही असो, उशीर करू नये.

एक गैरसमज मात्र काढून टाका. "माणसाचा हात लागला की आई पिलांना घेत नाही," असं आपण लहानपणापासून ऐकतो. सशिणीच्या बाबतीत हे खरं नाही. खळग्याबाहेर सांडलेलं पिलू हळूच उचलून परत आत ठेवावं, ती त्याला पाजते. म्हणून उगाच हाताळत बसावं असंही नाही!

आणि आपल्याकडे

"हे सारं अमेरिकेतलं, आम्हांला काय त्याचं?" असं कुणी म्हणेल. पण आपल्या गावांच्या कडेला माळ मोडून नवी घरं उठताहेत, आणि घरटी एक कुत्रा आहे. कुंपणाजवळच्या गवतात सशाचं पिलू सापडणं आपल्याकडेही होतं. आपल्या सशाची पिलं जन्मतःच अंगभर लव आणि उघडे डोळे घेऊन येतात. त्यांची आईही त्यांना गवतात लपवून दूर राहते. गवत कापणाऱ्या बाईला पिलू सापडतं, ती हौसेने मुलांसाठी घरी आणते, कापसाच्या बोळ्याने दूध पाजते, आणि चार दिवसांनी घरात रडारड. आपला ससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याला पकडून घरात ठेवणं हा आपल्याकडेही गुन्हा आहे. पिलू जिथे सापडलं तिथेच ठेवावं, कुत्रा बांधावा आणि मुलांना घेऊन लांब जावं. जखमी असेल तर वनखात्याला कळवावं.

मुलांना मात्र हे जरूर दाखवा, लांबून आणि दिवा मालवून. चंद्रावरचा ससा आपण त्यांना दाखवतोच की! तोही हातात घेता येत नाही, म्हणून मुलांची हौस काही कमी होत नाही.