हौशी गळालाही मोजपट्टी हवी

मुंबईत रे रोड स्थानकाच्या पूर्वेला दारूखाना, लकडी बंदर, कोळसा बंदर ओलांडलं की खाडी लागते आणि थोडं दक्षिणेला भाऊचा धक्का. त्या धक्क्यावर मासळी उतरवणाऱ्या प्रत्येक बोटीला कायदा लागू आहे. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981. 2016 मध्ये पर्ससीन जाळ्यांवर कडक निर्बंध आले, 2021 च्या दुरुस्तीने दंड वाढले. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटी बंद असतात. 2023 मध्ये राज्याने 54 जातींसाठी पकडण्याजोगी किमान लांबीही ठरवली. पापलेट 135 मिलिमीटर, सुरमई 370. हे सगळं योग्यच आहे. पण याच किनाऱ्यावर हौसेनं गळ टाकणारा, किंवा भाड्याची बोट घेऊन मोठ्या माशामागे जाणारा माणूस या व्यवस्थेच्या नजरेतच येत नाही. आपले मासेमारीचे कायदे पोटासाठी आणि नफ्यासाठी धरलेल्या माशाचा विचार करून लिहिले गेले. 1958 च्या मर्चंट शिपिंग कायद्यानेही मासेमारीची बोट म्हणजे नफ्यासाठी मासे धरणारी बोट, अशीच व्याख्या केली होती.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं. ट्रॉलर टनावारी मासे ओढतात, गळाला दोन-चार लागले तर काय बिघडलं? वजनाच्या हिशेबात हे खरं आहे. पण समुद्राचा हिशेब वजनावर थांबत नाही. अमेरिकेतल्या आकडेवारीवर 2004 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक अभ्यास आला. एकूण सागरी मासळीत हौशी गळवाल्यांचा वाटा सुमारे 4 टक्केच निघाला, मात्र ज्या जातींची अवस्था चिंताजनक होती त्यांच्यात तो 23 टक्क्यांवर गेला. याचं कारण साधं आहे. जाळं जे येईल ते उचलतं, हौशी माणूस निवडून मोठा मासा शोधतो. आपल्या खाड्यांतला जिताडा घ्या. तो आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी उचलून धरलेला भलामोठा जिताडा ही बहुधा लाखो अंडी देणारी मादी असते. तिथे किमान लांबीचा नियम निरुपयोगी आहे, कमाल लांबीही ठरवावी लागते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये हाच मासा 58 सेंटिमीटरपेक्षा लहान किंवा 120 सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर पाण्यात परत सोडावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मनापासून ऐकायला हवा. बंदरालगतच्या वस्तीतला माणूस संध्याकाळच्या कालवणापुरती दोन शिंगाळी धरत असेल, तर त्याच्याकडून परवान्याचे पैसे मागायचे का? मुळीच नाही. कॅलिफोर्नियात सार्वजनिक धक्क्यावरून गळ टाकायला परवाना लागत नाही, मात्र लांबीचे आणि संख्येचे नियम तिथेही सुटत नाहीत. न्यू साउथ वेल्समध्ये शुल्क आहे, पण 18 वर्षांखालच्या मुलांना ते माफ आहे आणि जमा झालेला पैसा मासेमारीच्याच कामासाठी वेगळा ठेवला जातो. आपल्याकडे किनाऱ्यावरून हातगळ टाकणाऱ्याला शुल्क नसावं. यांत्रिक बोट घेऊन खेळ म्हणून जाणाऱ्याला आणि त्याला नेणाऱ्या व्यावसायिकाला ते असावं. हौसेनं धरलेला मासा विकायला मात्र कोणालाच मुभा नको. तो विकला की छंद संपून परवाना न काढलेला धंदा सुरू होतो, आणि त्याची झळ टोपली घेऊन बसणाऱ्या कोळिणीला लागते.

अंमलबजावणी कोण करणार, हा प्रश्न उरतो. मत्स्यव्यवसाय विभागाकडे प्रत्येक खडकावर माणूस उभा करण्याइतकं बळ नाही, आणि त्याची गरजही नाही. पवईच्या तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन वर्षानुवर्षं गळवाल्यांना शिस्तीत ठेवत आली आहे. गळाच्या दुकानात लांबीचा मराठी तक्ता लावायला, पर्यटक बोटींच्या परवान्यात रोजची मर्यादा लिहायला नवा विभाग उघडावा लागत नाही. 1981 च्या कायद्याखाली राज्य सरकारने नियमांची एक अधिसूचना काढावी आणि तिचा मसुदा आधी कोळीवाड्यांतल्या मच्छीमार सहकारी संस्थांपुढे ठेवावा. कोळी 61 दिवस बोट किनाऱ्याला लावून बसतो. हौशी माणसाने निदान मासा मोजून धरावा.