काडी मोडली तरी जीव का तुटतो?

पूर्वी पंचांसमोर काडी मोडली, की नवरा-बायको मोकळे होत. त्यालाच आपले वाडवडील काडीमोड म्हणत. आज कोर्टातून निकालाचा कागद मिळतो. पण मनाला ना काडी कळते, ना कागद.

आमच्या ओळखीची एक ताई आहे. दवाखान्यात आयाचे काम करते. घटस्फोटाला चार वर्षे झाली. मागच्या पावसाळ्यात आधीच्या नवऱ्याला कावीळ झाल्याचे तिच्या कानावर आले. ड्युटी संपल्यावर ती मऊ भाताचा डबा घेऊन गेली, डॉक्टरांना विचारपूस केली आणि आपल्या घरी परत आली. दुसऱ्या दिवशी नळावर कुजबुज सुरू, "एवढी माया होती, तर सोडलं कशाला?"

ताई आम्हाला म्हणाली, "त्याच्या दारूला कंटाळून निघाले. तो मरावा म्हणून नाही निघाले."

तिचे काय चुकले? अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी विभक्त जोडप्यांवर १९७५ साली पुस्तक लिहिले. प्रेम आटले, विश्वास उडाला, तरी एकमेकांची ओढ बराच काळ टिकते, असे त्यांना आढळले. भाड्याची खोली, पहिले बाळंतपण, आईबापाचे मरण हे दोघांनी मिळून सोसलेले असते. ते कागदाने पुसत नाही. पुरुषांचेही तसेच. फक्त ते बोलत नाहीत. कुणी गुत्त्यावर जातो, कुणी मुलाच्या शाळेपाशी उगाच उभा राहतो.

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात घटस्फोटाचा हक्क मांडला. ते बिल रखडवले गेले, हे त्यांच्या १९५१ च्या राजीनाम्याचे एक मोठे कारण होते. तो हक्क जाचातून सुटण्याचा होता, जन्मभर वैर धरण्याचा नव्हे.

मात्र भगिनींनो, ओढीच्या हाती कासरा देऊ नका. भेटून आल्यावर मन हलके होते, की आठ दिवस झोप उडते? डब्याबरोबर आपला पगारही जातो का? मुलांना निरोप्या केले आहे का? हे स्वतःला विचारा.

जिथे मारहाण होती, तिथे मायेपोटी एकटीने परत जाऊ नका. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा पूर्वी एका घरात नांदलेल्यांनाही लागू होतो. घटस्फोटितेलाही त्याखाली दाद मागता येते. गोड बोलण्याला भुलून पोटगी सोडल्याच्या कागदावर सही करू नका.

आणि दोघे खरोखर सुधारले असतील तर? आपल्या बौद्धांनाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे त्यांना एकमेकांशी पुन्हा लग्न करता येते. पण नुसते एकत्र राहिल्याने मोडलेले लग्न जिवंत होत नाही. रीतसर लग्न लावावे आणि त्याची नोंदणी करावी.

शेवटी वस्तीतल्या बंधू-भगिनींना एवढेच सांगणे. ती ताई डबा देऊन आपल्याच घरी परतली. माणुसकीही राखली, उंबरठाही राखला. तिच्यामागे कुजबुजण्यापेक्षा एखाद्या संध्याकाळी तिच्याकडे चहाला जा. एकटेपणा कमी झाला, की जीव तुटणेही कमी होते.