छपरावरच्या विजेची पारख

भिवंडीत ग्रे कापड घेणारा व्यापारी ताग्यावर भिंग ठेवतो आणि एका इंचात किती धागे बसले आहेत ते मोजतो. ताणा, बाणा आणि सुताचा काउंट एवढे कळले की भाव ठरतो. कमी पिकाचे कापड पाच मिनिटांत उघडे पडते. याच गावातल्या मागवाल्याच्या छपरावर सौर पॅनेल चढते, तेव्हा मात्र त्याच्या हाती भिंग नसते. चकचकीत काच, मागे चिकटवलेल्या कागदावर वॅटचा आकडा आणि पंचवीस वर्षांची हमी, एवढेच त्याला दिसते. त्यापलीकडचे पाहणारे कोणी त्याच्या बाजूने उभेही नसते.

१ एप्रिल २०१७ रोजी केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने ‘पॉवरटेक्स इंडिया’ ही यंत्रमागांसाठीची योजना सुरू केली, ती भिवंडीतूनच. तिच्यात छोट्या यंत्रमागधारकांच्या सौर संचांसाठी अनुदान होते: सर्वसाधारण गटाला खर्चाच्या निम्मे, अनुसूचित जातींना ७५ टक्के, अनुसूचित जमातींना ९० टक्के. हेतू सांगितला होता तो वीजकपातीतून आणि टंचाईतून सुटका हा. संच दोन प्रकारचे होते. एक ग्रिडला जोडलेला, बॅटरीशिवाय. दुसरा बॅटरीसह, स्वतंत्र.

पहिला पेच इथेच आहे. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रिडची वीज जाताच आपणहून बंद होतो. दुरुस्तीसाठी तारेवर चढलेल्या वायरमनला उलट्या दिशेने आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे भर दुपारी ऊन तळपत असताना वीज गेली, तर पॅनेल असूनही माग थांबतो. बॅटरीच्या संचाचे दुखणे वेगळे. साध्या मागाची मोटर सुमारे एक अश्वशक्तीची असते, पण सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तो झटका हिशेबात न धरता घेतलेला इन्व्हर्टर कागदावर पुरेसा आणि शेडमध्ये निकामी ठरतो. पॅनेल अस्सल, इन्व्हर्टर अस्सल, तरीही संच निकृष्ट, असे होऊ शकते. वीजबिल कमी करायचे आहे की कपातीत माग चालवायचा आहे, हे आधी न विचारता बसवलेला संच कितीही चांगल्या मालाचा असला तरी मी त्याला दर्जेदार म्हणणार नाही.

पॅनेलच्या परीक्षा कठोर असतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार नमुन्याला उणे ४० ते ८५ अंश सेल्सिअस तापमानाचे २०० फेरे सोसावे लागतात. ८५ अंश उष्णता आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास काढावे लागतात. २५ मिलिमीटर व्यासाच्या बर्फाच्या गोळ्यांचा सेकंदाला २३ मीटर वेगाचा मारा झेलावा लागतो. भारतात २०१७च्या आदेशाने भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची झाली आणि २०१९च्या आदेशाने मान्यताप्राप्त पॅनेल-उत्पादकांची सरकारी यादी आली. (या यादीत दर्जाइतकीच देशी उद्योगाच्या संरक्षणाची काळजीही आहे, हे समजून असावे.) पण परीक्षा होते ती नमुन्याची. प्रमाणपत्र एवढेच सांगते की, या कारखान्याला या प्रकारचे पॅनेल नीट बनवता येते. तुमच्या छपरावरचे पॅनेल ट्रकमधून कसे आले, कोणी कसे उचलले, बसवताना त्यावर पाय दिला का, हे ते सांगू शकत नाही.

नेमके तेच महत्त्वाचे असते, असे दाखवणारे काम भिवंडीहून फार लांब नसलेल्या पवईत झाले आहे. आयआयटी मुंबईत २०१० साली राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक संशोधन व शिक्षण केंद्र सुरू झाले. या केंद्राने राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या साथीने २०१३, २०१४, २०१६ आणि २०१८ साली देशभर हिंडून प्रत्यक्ष बसवलेली पॅनेल तपासली. उष्ण प्रदेशातली पॅनेल थंड प्रदेशातल्यांपेक्षा लवकर थकतात, हे अपेक्षितच होते. अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरी होती: छोटे आणि छपरावरचे संच मोठ्या, जमिनीवरच्या प्रकल्पांपेक्षा लवकर उतरत होते. अंधारात पॅनेलमधून उलटी वीज सोडली की त्यातले सेल मंद उजळतात आणि विशेष कॅमेऱ्यात काचेखालच्या केसासारख्या भेगा काळ्या दिसतात. हेच त्या मागवाल्याला हवे असलेले भिंग. मोठ्या प्रकल्पाजवळ ते असते. साक्रीजवळचा महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जातून उभा राहिला. कर्ज एवढे मोठे असले की तपासनीस आपोआप येतात. आठ मागांच्या शेडसाठी कोण येणार?

आणि शेडचे छप्पर म्हणजे सोपी जागा नव्हे. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर माणसाने पाऊल कुठे ठेवायचे हाच प्रश्न असतो, म्हणून बसवणारे सोयीच्या जागी बसवतात, योग्य जागी नव्हे. खाडीजवळच्या दमट हवेत आणि कोकणच्या पावसात हलक्या जस्तलेपाच्या सांगाड्याला लवकर गंज धरतो. खाली शेडमध्ये कापसाचे तंतू सतत उडत असतात. इन्व्हर्टर तिथेच भिंतीला टांगला तर त्याच्या हवेच्या वाटा तंतूंनी बुजतात आणि तो तापतो. पॅनेलकडून येणारी वीज एकदिश असते. सैल जोडातून तिची ठिणगी पडली तर ती सहज विझत नाही आणि कापसाच्या शेडमध्ये याचा अर्थ काय ते भिवंडीकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. गावाभोवती पसरलेल्या गोदामांच्या लांबरुंद पत्र्यांवर हे सारे निस्तरायला अभियंता ठेवणे परवडते. मागवाल्याला परवडत नाही.

गरीब ग्राहकाच्या बाजूने भिंग कोणी धरायचे, याचे एक उत्तर आफ्रिकेत शोधले गेले. जागतिक बँक समूहाचा ‘लायटिंग आफ्रिका’ हा उपक्रम २००७च्या सुमारास सुरू झाला. बाजारात स्वस्त, चार महिन्यांत विझणाऱ्या एलईडी दिव्यांचा सुळसुळाट होता. एकदा फसलेले कुटुंब चांगल्या सौर दिव्यालाही हात लावत नसे. उपक्रमाने दिव्यांसाठी परवडणाऱ्या चाचण्या आखल्या आणि पुढे दुकानांतून गुपचूप दिवे विकत घेऊन ते तपासण्याची पद्धत ठेवली. उत्पादकाने निवडून पाठवलेला नमुना आणि दुकानदाराने फळीवरून काढून दिलेला दिवा यांत अंतर असते. ते मोजणे हाच त्यातला खरा शहाणपणा होता. आयआयटी मुंबईने गेल्या दशकात खेड्यांतल्या विद्यार्थ्यांसाठी सौर दिव्यांचा मोठा कार्यक्रम राबवला. त्यात दिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती गावातल्याच माणसांना शिकवली होती. बिघडलेला दिवा घेऊन कुठे जायचे, हे त्यामुळे घरच्यांना ठाऊक असे.

छपरावरच्या संचाला हे दोन्ही हवे आहे, पण पैशाची वाट उलटी जाते. अनुदान किलोवॅटवर मिळते, म्हणजे बसवल्यावर. किती युनिट निघाले याच्याशी त्याचा संबंध नसतो. आपल्याकडे एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, म्हणजे दहा किलोवॅटचा संच वर्षाला सुमारे १४,६०० युनिट. दरवर्षी ०.७ टक्का उतरणारे पॅनेल दहा वर्षांनी मूळ क्षमतेच्या ९३ टक्क्यांवर असते, तर २ टक्के उतरणारे ८२ टक्क्यांच्या खाली जाते. त्या एका वर्षातला फरक सुमारे १,७०० युनिटांचा आहे. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, बिलात हळूहळू विरघळतो. हमीचा दावा करायचा तर क्षमता घटल्याचा पुरावा लागतो आणि तो बहुतेकांकडे नसतो.

पुरावा जमवणे मात्र अवघड नाही. ठेकेदाराच्या रकमेचा काही भाग राखून ठेवावा आणि तो वर्षभरातल्या युनिटांनुसार द्यावा. संच सुरू झाल्यापासून दरमहा मीटरचा आकडा वहीत लिहावा. जुलैची तुलना जुलैशी करावी, मार्चशी नव्हे. प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक बसवण्याआधीच टिपून ठेवावा, नंतर तो सांगाड्याखाली दडतो. यंत्रमागधारकांच्या संघटनेने पॅनेलचा करंट-व्होल्टेज मोजणारे एक यंत्र आणि एक थर्मल कॅमेरा विकत घेऊन शेडोशेडी फिरवला, तर प्रत्येकाला अभियंता ठेवावा लागणार नाही. मोजणीला पावसानंतरची दुपार उत्तम: काच धुतलेली, आकाश निवळलेले, ऊन स्थिर. दिवाळीला कारागीर गावी जातात आणि माग थांबतात, तेव्हा मालकालाही छपराकडे पाहायला सवड मिळते.